तांदळाची भिंत

भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरी लागून क्वार्टर मिळाला तेव्हा मी सगळ्यात आधी पाहिलं, आईचा तांदूळ कुठं मावेल. खोल्या दोन, माणसं पाच, आणि भंडाऱ्याकडच्या आमच्या शेतातला वर्षाचा तांदूळ. आमच्यात विकतचा तांदूळ खायला लागणं म्हणजे घर बुडाल्यासारखं. आईनं गावातच सांगून ठेवलं होतं, "तांदूळ ठेवाले जागा असन तर मी येतो. नाहीतर मी आपली इथंच बरी." जागा करतो असा शब्द देऊन मी तिला पोत्यांसकट घेऊन आलो.

गावात तांदळाला ढोली होती. बांबूची, शेणामातीनं लिंपलेली, माणसापेक्षा उंच. ती इथं आणली असती तर आम्हाला अंगणात झोपावं लागलं असतं. ऑफिसातले लोक म्हणत, लोखंडी कपाट घ्या, तांदूळ दुकानातून आणा, शिकल्यासारखे राहा. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. पण शिकलो म्हणून घरचा तांदूळ परका का करायचा, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

कारखान्याची परदेशी यंत्रं मोठमोठ्या लाकडी खोक्यांतून येत. खोकी फोडली की फळ्या विकायला निघत. त्या मी घेतल्या आणि जवळच्या कुरुद गावातल्या एका बैलगाडीवाल्याकडून दारात आणवल्या. फळ्यांवर परदेशी अक्षरं होती.

"काय लिवलं हाये रे?" आईनं विचारलं.

"मले नाही वाचता येत, माय."

"मंग बीए काहाले केलं?"

सुट्टीच्या दिवशी करवत घेऊन मीच बसलो. भिंतीला लागून लांब पेटी केली. आत तांदूळ, वर गादी. दिवसा बैठक, रात्री पलंग. आसपासच्या कुठल्याच क्वार्टरात असं काही नव्हतं, आणि मी ते सगळ्यांना बोलावून दाखवलं. पोती रिकामी केली, गादी अंथरली आणि आईला म्हटलं, "पड आता आरामात."

आई उभीच राहिली. "लक्ष्मीवर पाय पसरून झोपू? डोकं ठिकाणावर हाये ना तुहं?"

"मंग आत पुस्तकं ठेवतो."

"ते सरस्वती नाही का?" बायको पदर तोंडाला लावून म्हणाली. "आता चपलाच उरल्या. त्या ठेवा."

आई चटई टाकून खाली झोपू लागली. चार दिवसांनी तिनं विचारलं, गावाकडची गाडी दुर्गहून किती वाजता सुटते.

मी पेटी मोडली आणि त्याच फळ्यांची उभी कोठी केली, दोन खोल्यांच्या मधोमध, जमिनीपासून थेट छतापर्यंत. स्वयंपाकघराच्या बाजूला तांदूळ, कडुलिंबाचा पाला घालून. वरून ओतायचा, खालची फळी सरकवून काढायचा. म्हणजे जुना आधी निघतो, नवा मुरत राहतो. बैठकीच्या बाजूला पोरांचे कपडे, अंथरुणं आणि माझी पुस्तकं. पाय लागायचा प्रश्नच नाही. आईनं कोठीला हळदीकुंकू लावलं आणि गाडीची चौकशी थांबवली.

मग क्वार्टरांची पाहणी करणारा बाबू आला. आत पाय टाकताच म्हणाला, "ये क्वार्टर है कि गोदाम? नई दीवार किससे पूछ के बनाई?"

"दीवार नहीं, कोठी है. ईंट दिखाओ एक भी."

"पढ़े-लिखे आदमी हो! हटाओ इसको, नहीं तो क्वार्टर खाली करना पड़ेगा."

आई दारामागून म्हणाली, "जाऊ दे बाप्पा. माह्यापायी पोराइचं छप्पर नको घालवू. मी जातो गावाले."

तिचं ते बोलणं ऐकलं आणि माझी भीडच गेली. कारखाना उभा करायला आमचे हात चालतात, मग त्या हातांनी आणलेला तांदूळ घरात का चालू नये? मी कोठीला पाठ लावून उभा राहिलो. "मैं नहीं हटाऊँगा. आपको हटाना है तो मुझे पहले हटाइए."

बाबू बराच बडबडला, साहेबांच्या नावानं धमकावून गेला. पुन्हा आला, तेव्हाही मी तेच उत्तर दिलं. मला ऑफिसात बोलावलं, तिथंही तेच. "आडमुठा आहे," असं माझ्या तोंडावर म्हणाले. म्हटलं, आहे.

क्वार्टर खाली करायचा कागद काही आला नाही. कोठी हलली नाही. आईही हलली नाही. पुढच्या हंगामात गावाहून नवी पोती आली ती भर दुपारी, क्वार्टरांची सगळी लाइन बघत असताना, मी स्वतः पाठीवर घेऊन पुढच्या दारानं आत नेली.