इनामदारबाईंचं नाताळचं भूत

“कधी आलात?” असं विचारलं की इनामदारबाई कधी जाणार ते सांगत. जपानात, इचिकावातल्या आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये त्या मला पहिल्यांदा भेटल्या तेव्हा डिसेंबर अर्ध्यावर आला होता. फिकट निळी सुती साडी, वर मुलाचं जाडजूड जॅकेट, पायात कॅनव्हासचे बूट. मराठी बाई दिसली म्हणून मी हौसेने विचारलं, तर उत्तर आलं, “दहा मार्चला जायचंय.” मला वाटलं, ऐकू कमी येत असेल. म्हणून तोच प्रश्न जरा मोठ्याने विचारला. “ऐकू येतं गं मला,” बाई म्हणाल्या. “आल्याची तारीख घेऊन काय करायचंय? जायची लक्षात ठेवावी लागते.”

त्यांचा एकुलता एक मुलगा सतीश तोयोसुच्या एका कंपनीत होता. त्या वर्षांत पुण्या-मुंबईची निम्मी संगणकवाली मंडळी तोयोसुच्या त्या उंच इमारतींत भरली होती. मंडळी आली, त्यांच्या बायका आल्या, प्रेशर कुकर आले. आईवडिलांना मात्र इथे कायमचं ठेवून घ्यायची सोय नव्हती. त्यांनी पाहुण्यासारखं यायचं, तीन महिने राहायचं आणि मुकाट्याने परत जायचं. बाईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. मिरजेच्या घरात त्या एकट्या राहत आणि दर डिसेंबरात इकडे येत. “मी म्हणजे भूतच की गं,” त्या म्हणायच्या. “ठरल्या वेळी प्रकट व्हायचं, ठरल्या वेळी अदृश्य. मधे कुणी विचारू नये, आजी कुठे असते.”

मिरजेच्या एका शाळेत त्यांनी उभा जन्म इंग्रजी शिकवलं होतं आणि जगाकडे त्या अजूनही नववीचा वर्ग असल्यासारखंच बघत. लिफ्टमध्ये कुणी बोललं नाही की म्हणत, “वर्गात असता तर बाकावर उभं केलं असतं सगळ्यांना.” काही महत्त्वाचं सांगायचं झालं की चष्मा वर सरकवून आधी एक वाक्य टाकायच्या: “हे पुस्तकात नाही, पण परीक्षेला येतं.” माझं आणि माझ्या नवऱ्याचं भांडण झालं होतं तेव्हाही हेच वाक्य, आणि मी वरणाला हिंगाआधी हळद घातली तेव्हाही हेच.

त्यांचा दिवस मोठा कठीण जायचा. सतीश आणि सून वर्षा दोघंही सकाळी जे ऑफिसला जात ते रात्रीच उगवत. नात ईशा जपानी शाळेत पहिलीत होती. बाई दुपारी कोपऱ्यावरच्या कोंबिनीत, म्हणजे रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या दुकानात जाऊन एक दही घेऊन यायच्या. दही घरातही असायचं. मी एकदा तसं म्हटलं, तर म्हणाल्या, “तो काउंटरवरचा पोरगा मला बघून ‘या’ म्हणतो गं. दिवसभरात मला ‘या’ म्हणणारा तेवढाच.” असं काही बोलून झालं की त्या लगेच भाजीचा विषय काढत.

आणि ईशा? पोरीला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून यायचं ते जपानीच. बाई विचारणार, “शाळेत काय झालं आज?” ईशा खुशाल पाच मिनिटं जपानीत सांगणार, हातवारे करून, अगदी आजीच्या मांडीवर बसून. बाई माझ्याकडे बघणार. माझं जपानी म्हणजे अर्धा किलो बटाटे आणि पुढचं स्टेशन कुठलं, एवढंच. सतीश म्हणायचा, “आई, मोठी झाली की बोलेल.” बाई मला म्हणाल्या, “मोठी झाली की बोलेल, पण कुणाशी? तेव्हा मी असायला नको का?” बाईंची धास्ती एवढी एकच होती. आपण गेल्यावर या नातीजवळ आपलं काहीच उरणार नाही, अशी.

दुसऱ्या वर्षीच्या डिसेंबरात ईशा शाळेतून नाताळचं खूळ घेऊन आली. जपानात नाताळ म्हणजे स्ट्रॉबेरीचा केक आणि तळलेली कोंबडी, सुट्टीसुद्धा नसते. बाई म्हणाल्या, “केक खाऊन नाताळ होतो होय? नाताळला भूत यायला पाहिजे!” इमारतीतली सगळी मराठी पोरं त्यांनी गोळा केली आणि ती जुनी इंग्रजी गोष्ट सांगितली. एक कवडीचुंबक म्हातारा असतो. नाताळच्या आदल्या रात्री त्याच्याकडे भुतं येतात. झालेलं, चाललेलं आणि पुढे होणारं सगळं त्याला दाखवतात. सकाळी म्हातारा माणसात येतो. बाईंचे वडील मिरजेच्या मिशन दवाखान्यात कंपाउंडर होते. नाताळात तिथल्या आवारात पांढरी चादर ताणून या गोष्टीचा सिनेमा दाखवत. बाई लहानपणी तो चादरीच्या उलट बाजूने बघायच्या, कारण पुढे जागा नसे. पुढे तोच धडा त्यांनी नववीला वर्षानुवर्षं शिकवला. “सिनेमा काढू या आपण,” त्या म्हणाल्या. “मराठीत. गोष्ट सांगितली की कानावरून जाते. पडद्यावर दिसली की राहते.”

कॅमेरा माझा होता. अकिहाबाराच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून हौसेने घेतलेला, आणि तोवर त्याने चेरीच्या फुलांखेरीज काही पाहिलं नव्हतं. बाईंनी गोष्ट सरळ तोयोसुला आणून बसवली. कंजूष म्हातारा म्हणजे मॅनेजर. तो हाताखालच्या माणसाला वर्षअखेरीची रजा देत नाही. ती भूमिका माझ्या नवऱ्याला मिळाली. “तुझ्या चेहऱ्याला मेकअप लागणार नाही, विवेक,” असं बाईंनी तोंडावर सांगितलं. रजा मागणारा माणूस सतीशने करावा अशी त्यांची फार इच्छा होती, पण त्याला वेळच नव्हता. जपानी बँका वर्षअखेरीला बंद असतात आणि त्यांच्या जुन्या संगणकयंत्रणा काढून नव्या बसवायच्या त्या नेमक्या तेव्हाच. सगळा देश आपापल्या गावी जाऊन जेवायला बसलेला, आणि आमची माणसं बँकेच्या तळघरात. शेवटी रजा मागणारा एका शेजाऱ्याने केला. गतकाळाचं भूत स्वतः बाई, आणि मॅनेजरच्या लहानपणीची बहीण ईशा.

भुताला कपडे काय? माझ्याकडे एक पांढरा सुती युकाता, म्हणजे पट्ट्याने बांधायचा जपानी झगा होता. शनिवारी दुपारी इमारतीच्या मागच्या अंगणात बाईंनी तो साडीवरच चढवला आणि उजवी बाजू डावीवर घेऊन पट्टा आवळला. जन्मभर पदर उजवीकडून डाव्या खांद्यावर घेतलेला हात. तो दुसरीकडून येणार कसा? मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. मी कॅमेरा सुरू केला तोच खालच्या मजल्यावरच्या ओनो-सान, सत्तरीच्या, एरवी मान लववण्यापलीकडे कधी न गेलेल्या, घरातल्या सपाता तशाच घालून धावत आल्या. त्यांनी बाईंचा पट्टा सोडला आणि डावी बाजू वर घेऊन पुन्हा बांधला. मग त्या ईशाशी काहीतरी बोलल्या. ईशाने ते खुणांनी सांगितलं: उजवी बाजू वर घेतली, की डोळे मिटून, हात छातीवर. उजवी बाजू वर घेतात ती फक्त मेलेल्या माणसाची.

बाई खळखळून हसल्या. “मग बरोबरच होतं की माझं! भूतच आहे ना मी?” त्यांनी पुन्हा पट्ट्याला हात घातला, तर ओनो-साननी तो हात धरून ठेवला. सोडेचनात. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. बाईंचं हसू हळूहळू गेलं. “असू दे,” त्या मला म्हणाल्या. “जिवंत माणसावर हे चालत नाही म्हणतात, खेळातसुद्धा नाही. कुणीतरी इतकं धावत आलं माझ्यासाठी. ऐकायला हवं.” म्हणून आमच्या सिनेमातलं भूत जिवंत माणसासारखं, डावी बाजू वर घेऊनच वावरलं.

ईशाचं एकच वाक्य होतं. भूत विचारतं, “ओळखलंस का मला?” आणि तिने म्हणायचं, “ओळखलं. थांब ना.” आठवडाभर बाई तिच्याकडून म्हणून घेत होत्या. कॅमेरा सुरू झाला आणि पोरगी बोलली ते जपानीत. मी म्हटलं, परत घेऊ. बाई म्हणाल्या, “नको. तिला कळलंय मी काय विचारलं ते. शब्द मागून येतील.” आणि मग चष्मा वर सरकवून, “हे पुस्तकात नाही बरं का.” पुढचं त्यांनी म्हटलं नाही.

स्टेशनजवळच्या सभागृहात आमच्या मंडळींसमोर तो सिनेमा लागला. मॅनेजर शेवटी सुधारतो आणि म्हणतो, “जा बाबा, आईकडे जाऊन ये,” तिथे असा काही हशा पिकला की पुढचा संवाद ऐकू आला नाही. सतीश उशिरा येऊन मागे उभा होता. तोही हसला, मग खिशातला फोन वाजला म्हणून बाहेर गेला. दहा मार्चला बाई मिरजेला गेल्या.

पुढच्या हिवाळ्यात त्या आल्या नाहीत. छातीत दुखत होतं आणि डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केला होता. सतीशने ठरवलं, वर्षअखेरीला आपणच सगळे मिरजेला जायचं. तिकिटं काढली. मग बँकेचं काम नेमकं त्याच आठवड्यावर आलं आणि तिकिटं जानेवारीवर गेली. बाईंचा मला फोन आला. “भुताला येता येत नाही तर माणसांनी यावं, असं ठरलं होतं गं. पण बँक आडवी आली. त्याला काही बोलू नकोस, त्याचा जीव आधीच अर्धा झालाय.” मग म्हणाल्या, “ईशा बघते का गं तो सिनेमा?” मी हो म्हटलं. ते खरंच होतं, शाळेतून आली की कधीकधी बघायची.

वर्ष संपायच्या आदल्या दिवशी बाई झोपेतच गेल्या. सकाळी शेजारणीने हाका मारल्या तेव्हा कळलं. सतीश बँकेच्या तळघरात होता, आणि तिथे फोन बाहेर कपाटात ठेवून आत जावं लागतं. निरोप पोचेपर्यंत दिवस कलला होता. तो मिरजेला पोचला तेव्हा बाईंच्या भाच्याने अंत्यविधी उरकला होता. मला सतीशचा राग आला, बँकेचा आला, आईला तीन महिन्यांची पाहुणी ठरवणाऱ्या त्या नियमाचा आला. रागाचा काही उपयोग नव्हता. बाई असत्या तर भाजीचा विषय काढला असता.

सतीश परतल्यावर एका रविवारी दुपारी ईशाला घेऊन आमच्याकडे आला. मिरजेहून आईचा चष्मा तेवढा आणला होता, तो शर्टाच्या खिशात होता. “तो सिनेमा लावता का?” एवढंच म्हणाला. मी टेप लावली. अंगणातलं ऊन दिसलं आणि पांढऱ्या युकात्यातल्या बाई चालत पुढे आल्या. “ओळखलंस का मला?”

सतीशने तोंडावर हात घेतला. “शेवटचं बघितलंसुद्धा नाही तिला मी,” तो म्हणाला, आणि मग त्याला आवरेना.

ईशा उठली. टीव्हीजवळ गेली आणि काचेवर, बाईंच्या छातीवर बोट ठेवून उभी राहिली. “बाबा, बघ. डावी बाजू वर आहे.”

सतीशला काही कळलं नाही. त्या दुपारी तो अंगणात नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग ईशाने स्वतःच सांगितलं, एकेक शब्द शोधत, मधेच अडत, पण सगळं मराठीत. “उजवी वर... तर मेलेली. आजीची डावी आहे. म्हणजे आजी... मेलेली नाही.”

टेप संपली. बाहेर सायकलींच्या घंटा वाजत होत्या. ईशा माझ्याकडे वळली आणि म्हणाली, “काकू, परत लाव ना.”