फुल्ल लोड तयार ठेवा : नेकनूरच्या पलीकडची एक मे महिन्यातली सहल

मे महिन्यात शहाणी माणसं महाबळेश्वरला जातात. मी बीडला गेलो. श्रेय माझा शाळासोबती सुधाकर याचं. तो पुण्यात इंजिनिअरिंग कॉलेजात वीज शिकवतो, आणि घरचे ऐकत नाहीत म्हणून मला सांगतो. नेकनूरच्या पलीकडे एका गावात बायकांची सहकारी दूध संस्था आहे. तिचं दूध उन्हावर थंड करण्याचा त्याचा प्रयोग होता.

"उन्हात दूध नासतं, सुधाकर," मी म्हणालो.

"म्हणूनच चल. निदान एक अडाणी आपल्या बाजूचा हवा."

जाणार असाल तर शिवाजीनगरहून सकाळची एसटी धरा आणि डाव्या बाजूला बसा. उजवीकडचे भाजून निघतात. बायकांना अर्धं तिकीट, पुरुषांना पूर्ण तिकीट आणि पूर्ण धूळ. आष्टीच्या पुढे हिरवा रंग फक्त दुकानांच्या पाट्यांवर उरतो. बीडला स्टँडजवळच्या लॉजवर एसी आहे का, हे विचारू नका. बादलीत पाणी आहे का, ते विचारा.

दुसऱ्या दिवशी नेकनूरच्या गाडीत नसरीन मॅडम भेटल्या. त्या अंबाजोगाईला समाजशास्त्र शिकवतात. यंत्र सुधाकरचं, गावाचा अभ्यास यांचा. "सरांना मी सांगितलं, इतके कोयते ऊसतोडीला जातात," त्या म्हणाल्या. "सरांनी एका कोयत्याला एक माणूस धरला! कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एवढ्या बायका हिशेबातून गायब."

"दुरुस्त केलं ना नंतर," सुधाकर खिडकीबाहेर बघत म्हणाला.

गावात रोज दोन टँकर येतात. एक पाणी आणतो, दुसरा दूध नेतो. या दुष्काळात माणसांना पाणी विकतचं आणि गावाची कमाई दुधाची, अशी मजेशीर सोय आहे. पण दुधाचा टँकरवाला रुसला होता. रात्रभर लाईट नसते, जनरेटरचं डिझेल परवडत नाही, सकाळी दूध आंबलेलं. डेअरीने निरोप धाडला होता : उद्या सकाळी थर्मामीटरचा काटा चार अंशांच्या वर दिसला, की टँकर या गावाला कायमचा बंद.

संस्थेच्या चेअरमन रुक्मिणबाईंनी हे मला चहा देता देता सांगितलं. त्यांनी दूध सुरू झाल्यापासून ऊसतोड सोडलेली. "मुकादम आत्ताच इचारून गेलाय, दिवाळीनंतर येता का म्हणून. टँकर गेला तर जावंच लागंल. पोरीची शाळा सुटंल ते येगळंच."

मग आम्ही संस्थेच्या खोलीत शिरलो आणि सुधाकर दारातच थबकला. भिंतीला लागून, टाकीला टेकून, खुर्च्यांवर, जिकडे तिकडे लोड. लग्नाच्या बैठकीत असतात ते, पांढऱ्या खोळींचे, गलेलठ्ठ.

"हे काय?"

"तुमीच लिवलं न्हाई का?" रुक्मिणबाईंनी मोबाईल पुढे केला. मजकूर सुधाकरचाच होता : टेस्टिंगला दोन तास बसावं लागेल, फुल्ल लोड तयार ठेवा.

"अहो, लोड म्हणजे विजेचा! सगळी यंत्रं एकदम चालू!"

"मंग बसायचं कावून लिवलं? आमाला वाटलं सायबांची पाठ लई दुखती. बिछायतवाल्याकडचे समदे आणले."

ओट्यावर बसलेले तात्या, रुक्मिणबाईंचे सासरे, हसता हसता खोकले. "आरं, लोडशेडिंग लई बघितलं, हे लोडचं शेड पयल्यांदा बघतो!"

सुधाकरला हसू येईना. दिवसभर छपरावरच्या सोलर विजेवर बर्फ करायचा आणि रात्री त्याच्या गार पाण्याने दूध थंड ठेवायचं, ही त्याची युक्ती. बर्फाच्या टाकीभोवती लावायचे थर्माकोल पुण्याहून निघाले होते. त्याच क्षणी फोन आला : माल बीडऐवजी बिदरला उतरला. उघड्या पत्र्याच्या टाकीतला बर्फ त्या उन्हात संध्याकाळही बघणार नव्हता.

नसरीन मॅडम मात्र एका लोडाला आरामात टेकल्या होत्या. "आत काय आहे हो? कापूसच ना?"

सुधाकरने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग लोडाकडे, मग टाकीकडे.

"कापूस ओला झाला तर संपलं," तो पुटपुटला.

"ताडपत्री हाय की," रुक्मिणबाई म्हणाल्या. "पण लोड खराब झाले तर बिछायतवाल्याला तुमी तोंड द्यायचं."

आधी ताडपत्री, मग लोड, वरून आणखी ताडपत्री. दावणीच्या दोरांनी टाकी अशी आवळली की बैलानेसुद्धा तक्रार केली असती. वीज सुधाकरची, गाठी बायकांच्या, कल्पना समाजशास्त्राची. मी फक्त सूचना दिल्या. त्या कुणी ऐकल्या नाहीत, म्हणून काम वेळेत झालं. संध्याकाळी दूध आलं. दही-धपाटे खाऊन पाहुणे झोपले, उशाला एकही लोड शिल्लक नसताना.

सकाळी टँकरवाला आला तो तोंड वाकडं करूनच. झाकण उघडलं, थर्मामीटर आत सोडला. रुक्मिणबाईंनी पदराचं टोक मुठीत गच्च धरलं होतं. त्याने थर्मामीटर बाहेर काढला, पुसला, पुन्हा बुडवला.

"साडेतीन," तो म्हणाला. "बर्फ कुठून आणला बे?"

"सूर्यावरून," तात्या म्हणाले. "तुला पायजे का?"

बायकांचा असा कल्ला झाला, की शेजारच्या गोठ्यातली म्हैस दावं तोडून निघाली. टँकरला पाईप लागला. नसरीन मॅडमनी सुधाकरला पेढा भरवला तेव्हा तो चक्क लाजला.

पुण्यात परतून आता पाच-सहा महिने झाले. थर्माकोल बिदरहून यथावकाश आले. बिछायतवाला लोडांना दुधाचा वास येतो म्हणून अजून भांडतो. आमच्या दिवाणावरही एक लोड आहे. त्याला टेकून मी लेख लिहितो, आणि त्याच्या जातभाईंचं कर्तृत्व आठवलं की आम्हा दोघांनाही जरा ओशाळल्यासारखं होतं.

दिवाळीनंतर रुक्मिणबाईंना फोन केला. मुकादम आला होता का, विचारलं.

"आलता की. म्हणलं, औंदा जमायचं न्हाई. फुल्ल लोड हाय आमच्यावर."