तेहुआन्तेपेकचा वारा आणि पडेगावच्या नसीम आपा

ज्या बाईंनी माझं खोटं भरसमुद्रात पकडलं, त्या आज सकाळी गेल्या.

नसीम आपा. राहणार पडेगाव. काम, जहाजांना हवामान सांगणं.

हो, आपल्या संभाजीनगरातून. जिथं समुद्र म्हणजे दिवाळीच्या सुट्टीतली ट्रिप.

एका खासगी कंपनीच्या त्या मरीन फोरकास्टर. मधल्या खोलीत दोन मॉनिटर आणि त्यावर जगभरातली जहाजं. थंड हवा कुठून खाली उतरतेय, कुठल्या गरम समुद्रावर ती वादळी वारा होऊन आदळणार, हे त्या कॅप्टनला घरबसल्या कळवायच्या.

मी तेव्हा थर्ड ऑफिसर. बजाजनगरचा, वडील वाळूजला फिटर. आमचं जहाज पनामाहून मेक्सिकोच्या किनाऱ्यानं वर चाललं होतं.

जहाजावरून रोज दुपारी बाराला फोरकास्टरकडं नून रिपोर्ट जातो. वारा किती, लाट किती, कुठून. बाहेर उभं राहून, डोळ्यांनी बघून लिहायचं असतं.

आता कबूल करतो. मी बघत नसे. सकाळी आलेल्या फोरकास्टमधलेच आकडे उतरवून परत पाठवायचो. बरेच जण करायचे. शाळेतली कॉपीची सवय, एवढ्या लांब आली तरी सुटली नव्हती.

त्या दिवशी अर्ध्या तासात आपांचा मेल आला. दोनच वाक्यं.

"हे आकडे माझेच आहेत. मला तुमचे हवेत."

कान गरम झाले. चडफडत ब्रिजच्या, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीच्या, बाहेर गेलो. आभाळ निळंशार. वारा नावाला. म्हटलं, बाईंना काम नाही दुसरं.

मग खाली पाण्याकडं पाहिलं.

वायव्येकडून आखूड, उभ्या लाटा येत होत्या. एकामागून एक. वारा नसताना.

आहे तसं लिहून पाठवलं. दहा मिनिटांत सॅटेलाइट फोन वाजला. मीच उचलला.

"लहर नॉर्थवेस्टसेच है ना? खुद देखे ना आप?"

"व्हय मॅडम." घाबरून तेच निघालं तोंडातून.

त्या एकदम मराठीवर आल्या.

"कुठले तुम्ही?"

"संभाजीनगर. बजाजनगर. साळवे."

"मी पडेगावची. बरं साळवे, कॅप्टनला बोलवा. ही लाट आली म्हणजे पुढं आखातात वारा सुटलाय. मी उद्या दुपारी म्हणले होते. माझं चुकलंय."

इतक्या सहज म्हणाल्या. मी अजून कुणाला माझं चुकलं म्हणालो नव्हतो.

पुढं होतं तेहुआन्तेपेकचं आखात. कॅप्टनचा बेत ते सरळ कापायचा. आपा म्हणाल्या, किनारा धरा, जाता येईल तितकं जवळ जा.

कॅप्टन हसले. तीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस. वादळात जहाज जमिनीपासून लांब न्यायचं असतं, हे शेंबड्या कॅडेटलाही कळतं.

आपा शांतपणे सांगत राहिल्या. उत्तरेकडची थंड हवा डोंगरातल्या खिंडीत घुसते आणि या बाजूच्या समुद्रावर सुटते. वारा जमिनीकडूनच येतो. त्यामुळं किनाऱ्याजवळ वारा असतो, पण मोठी लाट नसते. लाटेला वाढायला जागा लागते, आणि ती जागा मधे आहे.

(मला त्यांनी नंतर सोपं करून सांगितलं होतं. "आपल्या शहराच्या जुन्या दगडी दरवाज्यात उन्हाळ्यात उभा राहा. वारा कसा अंगावर येतो? तसंच.")

कॅप्टननं फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडं बघितलं.

"ही लाट तू स्वतः पाहिलीस?"

"हो सर."

हे वाक्य मी आधीही बऱ्याचदा बोललो होतो. त्या दिवशी ते खरं होतं.

जहाज किनाऱ्याकडं वळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जे पाहिलं, ते आजही नीट सांगता येत नाही.

वारा पन्नास नॉटच्या, म्हणजे ताशी नव्वद किलोमीटरच्या वर. ब्रिजचा दरवाजा लावायला दोघं लागत होते. आणि आभाळात एक ढग नाही. स्वच्छ ऊन. किनाऱ्यावरची वाळू उडून जहाजावर येत होती, दाताखाली करकरत होती.

आणि खाली पाणी जवळजवळ सपाट.

अंगावर काटा आला. भीतीनं नाही. एवढी ताकद या जगात आहे, आणि पडेगावातल्या एका बाईला तिची वाट पाठ आहे, म्हणून.

तेवढ्यात रेडिओवर दुसऱ्या एका जहाजाचा आवाज आला. ते मधून गेलं होतं. डेकवरचं सामान सुटलं होतं, दोन माणसं जखमी होती. आवाज तरुण होता, माझ्याच वयाचा असावा.

आमचे बोसन, डेकवरच्या खलाशांचे मुकादम, शेजारी उभे होते. त्या सकाळी त्यांना पुढच्या डेकवर काम होतं. आम्ही मधून गेलो असतो, तर ते तिथंच असते.

सुट्टीत आलो तेव्हा पडेगावला गेलो. विचारलं, "आपा, समुद्र पाहिलाय का?"

"एकदा. अलिबागला. ओहोटी होती."

स्वतःच हसल्या. मग कप खाली ठेवला.

"तुझ्या जहाजाचं त्या दिवशी पुढं काय झालं रे? अंदाज चुकला की शिव्यांचे मेल येतात. बरोबर आला की कुणी कायच लिहीत नाय. जहाज पोचलं ते स्क्रीनवर दिसतं. माणसं नाय दिसत."

आम्ही कळवलंच नव्हतं. पोचलो आणि विसरलो. लाज वाटली.

मग सगळं सांगितलं. ऊन, वारा, सपाट पाणी, वाळू.

"रेत? जहाजपे?"

डोळे भरून आले त्यांचे. "मैं तो नक्शे पेच देखी थी, बेटा."

आज त्यांच्या मुलीचा फोन आला. संध्याकाळी दफन आहे. मी जहाजावर आहे, पोचू शकत नाही.

आपा, बाकीच्या माणसांचं तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. ते आज लिहितो.

बोसन रिटायर झाले, गावी नातवंडं सांभाळतात. कुकनं छोटं हॉटेल टाकलंय. इंजिनरूममधल्या एकाला परवाच मुलगी झाली. कॅप्टनची तब्येत बरी आहे.

आम्ही बावीस जण होतो. बावीसच्या बावीस घरी पोचलो.

साळवेचा जयभीम घ्या, आपा. खुदा हाफिज.