लाकडांमागची मोटरसायकल

नायदेन शाळेत माझा विद्यार्थी होता. भौतिकशास्त्रात चांगला, तोंडी परीक्षेत मुका. आज तो एकोणसाठ वर्षांचा आहे, माझ्या शेजारच्या घरात आईबरोबर राहतो, आणि तोंडी परीक्षा त्याला अजूनही जमत नाही.

आमच्या डोंगरात मोटरसायकल ऑक्टोबरच्या शेवटी, संत दिमितरच्या दिवशी आत जाते आणि मे महिन्यात, संत गेओर्गीच्या दिवशी बाहेर येते. मधले सहा महिने खिंडीत बर्फ. बाकीचे लोक गाडीवर गोणपाट टाकतात आणि विसरतात. नायदेनला त्या कामाला अख्खा दिवस लागतो. टाकी आतून गंजू नये म्हणून तो ती काठोकाठ भरतो. प्लग काढून आत चमचाभर तेल सोडतो, किक दोन-चारदा हळूच फिरवतो. टायर बसू नयेत म्हणून गाडी ठोकळ्यांवर चढवतो. उंदीर शिरू नयेत म्हणून सायलेन्सरच्या तोंडात चिंधी कोंबतो. बॅटरी वर कोठीत, मिरच्यांच्या बरण्यांशेजारी. अंगावर लोकरीची घोंगडी, प्लास्टिक कधीच नाही, कारण त्याखाली ओल धरते. बापाची गाडी आहे, लाल, चाळीस वर्षांची, आणि अजून तिसऱ्या किकला सुरू होते.

मग लाकडं येतात. तळघर एकच, तेव्हा गाडी मागच्या भिंतीला आणि तिच्यापुढे दारापर्यंत, छतापर्यंत रचलेली ओकची लाकडं. हिवाळाभर लाकडं जळत जातात आणि वसंतात गाडी दिसू लागते. गावात सगळे असंच करतात.

गेल्या वर्षी लाकडं रचून आठवडा झाला आणि खालच्या प्लोवदिव शहरातून कामेनचा फोन आला. कामेन त्याचा जुना सोबती, जुन्या मोटरसायकली दुरुस्त करतो. हिवाळ्यातच त्या धंद्याला काम असतं. हाताखालचा माणूस सोडून गेला होता. म्हणाला, तू ये, गाडी घेऊन ये, दुकानामागे खोली आहे, एक मार्चपर्यंत तुझ्यासाठी थांबतो. डेअरीची गाडी चालवण्याचं काम सुटल्यापासून नायदेनला कुणी असं बोलावलं नव्हतं. तो धावत माझ्याकडे आला. खिंड अजून कोरडी होती.

मी म्हटलं, मग जा. लाकडं हलवायला दोन तास लागतील, मीसुद्धा हात लावते.

"अंगणात ठेवली तर आईला दिसतील, बाई," तो म्हणाला.

त्याची आई रूसाबाई छप्पन्न सालापासून अंगणाकडच्या खिडकीत बसल्या आहेत असं गावात म्हणतात. खिडकी बरोबर तळघराच्या दारावर. लाकडं बाहेर काढायची म्हणजे का ते सांगायला हवं, आणि सांगणं म्हणजे तोंडी परीक्षा. मग बसनं जा, मी म्हटलं. आठवड्यातून चार बस आहेत. तो म्हणाला, कामेननं गाडीसकट बोलावलंय. मला राग आला. स्वतःच दाराला पाठ लावून दार अडकलंय म्हणणाऱ्या माणसाचा येतो तसा.

त्याने जे केलं ते कुणा शहाण्या माणसाला सुचलं नसतं. त्याने लाकडं जाळायला सुरुवात केली. मार्चपर्यंत पुरणारी लाकडं तो दिवसरात्र चुलीत घालू लागला. एक शब्दही न बोलता गाडीपर्यंत पोचायचं होतं त्याला. मी भाकरी द्यायला गेले की त्या घरात अंग भाजायचं. रूसाबाईंनी आधी शाल काढली, मग लोकरी सदरा. खिडकी उघडी ठेवून बाहेर बर्फ पडताना त्या पंख्यासारखं वर्तमानपत्र हलवत बसायच्या आणि काही विचारायच्या नाहीत. नायदेन रोज तळघरात जाऊन ढिगावरून हात आत घालून बघायचा. नाताळात त्याची बोटं हॅन्डलला लागली.

फेब्रुवारीच्या दहा तारखेला गाडी मोकळी झाली. मी तिथेच होते. त्याने चिंधी काढली, बॅटरी जोडली, ठोकळ्यांवरून उतरवून गाडी अंगणात आणली. तिसऱ्या किकला सुरू झाली. खिंड बंद होती, पण खालच्या दरीतून लांबचा रस्ता खुला होता. वर खिडकी उघडली.

"चाललास का रे?"

"चाललो, आई." पंचेचाळीस वर्षांनी तोंडी परीक्षेत उत्तर दिलं एकदाचं.

"नोव्हेंबरात विचारलं असतंस तर जा म्हटलं असतं. तेव्हा तळघर भरलेलं होतं. आता किती ओंडके उरलेत, मोजलेस का?"

त्याने मोजले नव्हते. मी मोजले. अकरा. अजून दीड महिना गोठणारी थंडी होती. फेब्रुवारीत वाळलेलं लाकूड डोंगरात कुणी विकत देत नाही, आणि शहाऐंशी वर्षांच्या बाईला गार चुलीपाशी सोडून कुणी जात नाही. नायदेनने इंजिन बंद केलं. ते बंद झाल्यावर अंगण किती शांत झालं ते मला नको तितकं आठवतं.

गावात प्रत्येक घराने एकेक हातगाडी लाकडं दिली. मी दोन दिल्या. गावाकडून उसनं घेऊन लगेच निघायची त्याला लाज वाटली. त्याने टाकी पुन्हा काठोकाठ भरली, चमचाभर तेल सोडलं, घोंगडी घातली, आणि उसनी लाकडं गाडीपुढे रचायला घेतली. रांग भिंतीपासून भिंतीपर्यंत चालली होती. सवयीचा हात.

"अरे गाढवा," वरून रूसाबाई म्हणाल्या, "गाडीच्या हॅन्डलएवढी रुंद वाट सोड की."

त्याने रचलेली रांग उपसली आणि वाट सोडली. एक मार्चला कामेनने दुसरा माणूस ठेवला.

यंदाची लाकडं काल आली. उजव्या भिंतीला हॅन्डलएवढी वाट आहे. मी जाऊन हातानं मोजून आले. गाडी मागे ठोकळ्यांवर आहे, आणि नायदेन त्या वाटेत चिनार झाडाच्या फांद्यांचा झाडू घेऊन साल-भुसा झाडत होता. कामेनचा फोन आला का, म्हणून मी विचारलं. नाही म्हणाला. मग तू कर, मी म्हटलं.

"करतो, बाई," तो म्हणाला, आणि झाडत राहिला.