शालिकरामची रुई दोनदा बुडाली

अकोल्याच्या जुन्या शहरातला शालिकराम रुई चिमटीत ताणून तिचं गाव सांगायचा. ही तेल्हाऱ्याची, ही बार्शीटाकळीची. बाकी जगातलं त्याला ओ की ठो कळत नसे, आणि त्याची लाजही वाटत नसे. ध्यास एकच: सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याचा मुख्य पारखी व्हायचं.

१९५७ साली कारखान्याचे मालक वामनराव यांच्या रुईच्या गाठी नेणारं गलबत कोकणात, कोळ्यांच्या एका गावाजवळ खडकांवर फुटलं. तिथं दर दोन-चार वर्षांनी एखादं फुटायचंच. कोळ्यांनी अकरा गाठी ओढून काढल्या. वामनराव म्हणाले, "जा, वाळवून आण. आणली तं मुख्य पारखी तूच."

शालिकराम पोचला तेव्हा ओहोटी होती. लांबच लांब सपाट, तापलेला खडक! पूर ओसरलाय, असं समजून त्यानं गाठी सोडून सगळी रुई तिथं पसरली.

"ओ पाव्हणे, उचला ती! पाणी येईल!" एक कोळीण ओरडली.

"कावून येईन? आभाय तं कोरडं हाय."

"रोजच येतं!"

"मले येडा समजता का, बाई? आमची मोर्णा नदी एकदा ओसरली का ओसरली. जेवून परत नाही येत."

दोन तासांत रुई समुद्रात आणि शालिकराम धोतर सावरत खडकाच्या टोकावर. कोळणीनं त्याला होडीत ओढलं. हसण्यापायी तिला वल्हं धरवेना.

अकोल्यात त्यानं खरं तेच सांगितलं. तिथंच घात झाला.

"पाऊस नाही, ढग नाही, अन् पाणी दिवसातून दोनदा येते?" वामनरावांनी समुद्र जन्मात पाहिला नव्हता. "रुई इकली असशीन तं तसं सांग. उद्यापासून येऊ नको."

मूर्ख म्हटलं असतं तर चाललं असतं, पण चोर? बायको मनकर्णाबाईनंही विचारलं, "खरं सांगा, कोनाले इकली?" तेव्हा मात्र त्यानं वामनरावांच्या दारात बसकण मारली. "चला संगं. सोताच्या डोयानं पाहा!"

तिसऱ्या दिवशी वैतागून मालक निघाले.

कोरड्या खडकावर खुर्ची टाकून, घड्याळ हातात धरून ते बसले. "कुठी हाय तुयं पाणी?"

"बसा, मालक."

कोळीण लांबून हाका मारत होती. दोघंही हलेनात. पाणी घोट्याला लागलं तेव्हा वामनराव म्हणाले, "शिंतोडे." गुडघ्याला लागलं तेव्हा पाय खुर्चीवर घेतले. खुर्ची तरंगू लागली तेव्हा शालिकरामच्या मानेला मिठी मारून किंचाळले, "येते रे बाबा, येते! तूच मुख्य पारखी! होडी बोलाव!"

"कमरेपर्यंत येऊ द्या, मालक," शालिकराम म्हणाला. "मंग घरी मनकर्णाले तुमीच सांगजा."