काट्यावरचा सरडा

काल दीर कौतुकानं मोबाईल घेऊन आले. "वहिनी, हे पाहा, आपल्या कुंपणावरचा खाटीक पक्षी! मारलेला सरडा काट्याले टोचून ठेवते अन् मंग तोडून तोडून खाते. काय डोकं आहे पाखराचं!" डोळ्यांवर काळी पट्टी ओढलेलं ते पाखरू पाहिलं आणि माझ्या मस्तकात तिडीक गेली.

कितीतरी वर्षांपूर्वीची गोष्ट, लग्नानंतरचा माझा पहिलाच हिवाळा होता. अमडापूरच्या आमच्या शेतात तुरीच्या शेंगांचा हिरवट वास भरून राहिला होता. बोराटीच्या कुंपणावर दोन सरडे आणि एक नाकतोडा काट्यांत खुपसलेले दिसले. याच दिरांनी धुऱ्यावर, दोन शेतांमधल्या बांधावर, गवत कापणाऱ्या शेजारच्या गिरजामावशीवर बोट रोखलं. "हिनंच करणी केली!" ती एकटी बाई विळा हातात तसाच धरून उभी राहिली. "मी काऊन करीन रे बाप्पा?" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

सकाळीच मी त्या पाखराला सरडा टोचताना पाहिलं होतं. मी तसं ओरडून सांगितलं. "काल आली अन् आज आम्हाले शिकवून राह्यली?" दीर माझ्यावरच खेकसले. घरचे सगळे हसले. तेवढी तूर निघाल्यावर मावशीनं आपलं शेत बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, कसायला दिलं आणि गाव सोडलं.

मी मोबाईल दिरांच्या हातात कोंबला. "हेच सांगितलं होतं मी तवा, भाऊजी. गिरजामावशीसमोर."

"कवा?" ते म्हणाले.

त्यांना खरंच आठवत नव्हतं.