सेक्रेटरींची करंगळी

घरात शिरल्यावर चपला काढायच्या, उजवी बाही कोपरापर्यंत दुमडायची आणि कोणी 'बसा' म्हणायच्या आत करंगळी सरळ माशांच्या टाकीत बुडवून तोंडात घालायची. मग डोळे मिटून थोडा वेळ उभं राहायचं. तुमच्यापैकी ज्यांनी कधी समुद्राचे मासे घरात पाळले असतील, त्यांना असा एक तरी माणूस भेटलेला असणार. आमच्याकडे ते आमचे सेक्रेटरी होते. डोळे उघडले की निकाल लागायचा. एक तर "समुद्र आहे", नाही तर "नुसतं मीठपाणी आहे." त्या काळात तिसरा शेरा नव्हता.

ऐंशीच्या दशकात उपनगरांतल्या पुष्कळ घरांत गोड्या पाण्यातले मासे असत. समुद्राचे मासे पाळणारे मात्र घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली मिळून आम्ही मूठभर वेडे होतो. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमायचं, पोहे खायचे आणि कोणाचा मासा का मेला यावर भांडायचं, याला आम्ही क्लब म्हणायचो. क्लबला अध्यक्ष नव्हता, खजिनदार नव्हता. फक्त सेक्रेटरी होते, कारण पहिल्याच बैठकीत "सेक्रेटरी मी" असं त्यांनीच सांगून टाकलं आणि कोणी नाही म्हणालं नाही. राहायला मुलुंडला, नोकरी सरकारी कचेरीत, मूळचे शिरोड्याकडचे. त्यांचे वडील तिकडे मिठागरावर होते. आगरातलं पाणी मीठ धरायला तयार झालं की नाही, ते जिभेवर घेऊन सांगायचे. ती जीभ वारशाने आपल्याकडे आली आहे, याबद्दल सेक्रेटरींना तिळमात्र शंका नव्हती.

मला होती. मी साकीनाक्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी करत होते. दिवसभर काहीतरी मोजायचं आणि संध्याकाळी एका माणसाच्या करंगळीवर विश्वास ठेवायचा, हे मला जड जायचं.

पाणी भरतीच्या वेळी मढच्या नाही तर गोराईच्या किनाऱ्यावरून आणायचं, तेही प्लॅस्टिकच्या कॅनमधून, हा त्यांचा नियम. आरे कॉलनीत राहणाऱ्या आमच्या एका नव्या सभासदाने एकदा दुधाचा ॲल्युमिनियमचा कॅन मिळवला, मढला जाऊन भरला आणि बसेस बदलत मुलुंडला त्यांच्या घरी आणून ठेवला. सेक्रेटरींनी कॅनवर टिचकी मारली आणि सगळं पाणी मोरीत ओतून दिलं.

"धातू लागला रे त्याला. मासे मारायचेत काय?"

"अहो, मग आधी सांगायचं ना यार," तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

"आधी विचारायचं."

तो पुढे कित्येक बैठकांना फिरकला नाही. माझंही डोकं फिरलं, कारण त्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि सांगायची पद्धत भिकार होती. तेलशुद्धीकरण कारखान्यांशेजारी माहुलला राहणाऱ्या एकाने घराजवळच्या खाडीचं पाणी चालेल का असं विचारलं, तेव्हा "चालेल, फक्त टाकीजवळ काडी ओढू नको" म्हणाले. सगळे हसले. विचारणारा हसला नाही.

एका बैठकीला मी हायड्रोमीटर घेऊन गेले. ही पाण्यात तरंगत ठेवायची काचेची नळी. पाणी जितकं खारं, तितकी ती वर उचलली जाते, आणि तिच्यावरच्या रेघा वाचल्या की कळतं. सेक्रेटरींनी ती हातातसुद्धा घेतली नाही.

"ताप बघायचा तर माणसाला लाव. माका शिकवू नको."

रागावले की ते मालवणीत शिरायचे. मीही कमी नव्हते. "सेक्रेटरी, जीभ सर्दीने बिघडते. काच बिघडत नाही," असं मी सगळ्यांसमोर म्हणाले. मी करून नेलेले पोहे मात्र त्या दिवशी त्यांनी तोंडाला लावले नाहीत.

क्लबची सामाईक टाकी त्यांच्या हॉलमध्ये होती. हॉल म्हणजे काय, टाकी ठेवल्यावर उरलेली जागा. तिच्यात जोकर माशांची एक जोडी होती आणि त्यांचं घर असलेलं एक समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा समुद्रातला प्राणी. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले ते दोन मासे त्या फुलाच्या बोटांत शिरून बसायचे. मुंबईत हे फूल घरात जगत नाही, असं दुकानदार छातीठोकपणे सांगायचे. सेक्रेटरींनी ते जगवलं होतं. आमच्या क्लबला मिरवायला एवढंच होतं आणि त्यांना तर आयुष्यात मिरवायला एवढंच असावं. कचेरीतल्या कामाबद्दल त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नाही.

मग एका वर्षी तिसरा शेरा सुरू झाला.

"खारट," असं म्हणून ते तोंड वाकडं करायचे. "गोडं पाणी घाल."

कोणाला संशय यायचं कारण नव्हतं. टाकीतलं पाणी उन्हाळ्यात उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून वरून गोडंच पाणी घालायचं असतं, हे आम्हाला त्यांनीच शिकवलं होतं. पण आता ते महिन्याला, मग आठवड्याला सांगू लागले. या घरात खारट, त्या घरात खारट. लोक निमूटपणे तांब्या-तांब्याने पाणी ओतत होते, भांडण नको म्हणून मीही. बोरिवलीच्या एका घरातले मासे सुस्तावले, अंधेरीच्या घरातले खाईनात. मी माझ्या टाकीत नळी सोडली तर ती जवळजवळ तळाला टेकली. त्यांच्याकडे गेले तर समुद्रफूल आकसून मुठीएवढं झालं होतं आणि जोकरांची जोडी वरच्या कोपऱ्यात नुसती हलत होती.

"एकदा, फक्त एकदा मला मोजू द्या," मी म्हणाले.

"माझ्या घरात ती नळी आणायची नाही."

"फूल मरतंय, सेक्रेटरी."

"म्हणून तर पाणी घालतोय."

एवढं बोलून ते बादली भरायला उठले. माझ्या डोळ्यांत रागाने पाणी आलं. ते दिसू नये म्हणून मी स्वयंपाकघरात गेले.

तिथे काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, ताट करत होत्या. जेवून जा म्हणाल्या. मी वरणभाताचा पहिला घास घेतला आणि थांबले. वरणात मीठच नव्हतं.

"अगंबाई, तुला यांचं वाढलं मी," काकू पुटपुटल्या. "डॉक्टरने मीठ बंद केलंय त्यांचं. रक्तदाब आहे. कोणाला सांगायचं नाही म्हणालेत. चारचौघांत म्हातारा म्हणून कीव नको."

"केव्हापासून?"

"गेल्या दिवाळीपासून."

ज्या माणसाच्या जिभेला दिवाळीपासून मिठाचा कण लागलेला नाही, त्याला नुसतं गोराईचं पाणी काय, कोमट चहासुद्धा खारट लागला असता. आणि त्या जिभेच्या भरवशावर सगळी उपनगरं तांब्याने पाणी ओतत होती.

मी बाहेर येऊन त्यांना सरळ सांगितलं. "तुमची जीभ अळणी झालीय. पाणी बदललेलं नाही. तुम्ही बदललात."

ते हातातली बादली खाली ठेवून काकूंकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "टाक तुझी नळी."

मी टाकली. रेघ त्यांनी स्वतः वाकून वाचली. मग गॅलरीत जाऊन उभे राहिले. पुढचे दिवस आम्ही सगळ्यांच्या टाक्यांत थोडं थोडं खारं पाणी चढवलं. एकदम चढवलं असतं तर मासे त्याने गेले असते. फूल हळूहळू उमललं. जोडी वाचली. बैठकीला सेक्रेटरी हात पाठीमागे बांधून यायचे आणि टाकीसमोर खुर्ची घेऊन बसायचे. कोणी "कसं आहे पाणी?" असं विचारलं की माझ्याकडे बोट दाखवायचे. मी जिंकले होते आणि मला ते अजिबात आवडत नव्हतं.

काही महिन्यांनी एका संध्याकाळी ते घाटकोपरला माझ्या दारात उभे राहिले. चपला काढल्या, बाही दुमडली, करंगळी बुडवली. डोळे मिटले. "समुद्र आहे," म्हणाले. "घाल तुझी नळी."

नळी बरोबर रेघेवर उभी राहिली. ते इतके हसले की मीही हसत सुटले. चहा दोनदा घेतला. त्या दिवशी मला खरंच आनंद झाला होता. जीभ परत कशी आली, हे विचारायचं मला सुचलं नाही.

ते नंतर कळलं. कचेरीजवळच्या खानावळीत ते दुपारी रोज खारा बांगडा खात होते. घरी काकू झोपल्या की लोणच्याची बरणी उघडत होते. एक दिवस कचेरीतच कोसळले. उजवी बाजू गेली, वाचाही गेली.

"मला सांगितलं असतं तर थोडं मीठ मीच घातलं असतं गं," काकू म्हणाल्या.

मला तेव्हा सेक्रेटरींचा भयंकर राग आला आणि तो अजून गेलेला नाही. एका काचेच्या नळीपुढे हार मानायची नाही म्हणून माणूस जिवावर उदार होतो, आणि तेही धड कोणाला न सांगता. भेटले तर आजही भांडेन.

क्लब त्यानंतर विस्कटला. भांडायलाच कोणी नव्हतं. मी शनिवारी मुलुंडला जायची. त्यांचा पलंग टाकीशेजारी होता. आधी नळीने मोजायची, मग माझी करंगळी बुडवून त्यांच्या जिभेला लावायची. ते डोळे मिटायचे, उघडायचे आणि तोंड वाकडं करायचे. खारट. जेवण पुन्हा अळणी झालं होतं, दुसरं काय लागणार? मी त्यांच्या देखत तांब्याभर गोडं पाणी ओतायची. मग त्यांचा चेहरा सैल पडायचा. रविवारी सकाळी ते झोपेत असताना जाऊन तांब्याभर पाणी काढायचं आणि तेवढंच मढचं पाणी घालायचं, असं आमचं चालू होतं. काकू दार उघडून गुपचूप बाजूला व्हायच्या.

ते गेले त्यानंतरच्या शनिवारी मी गेले. पलंग काढून टाकला होता. जोडी फुलात शिरून बसली होती. नळी बरोबर रेघेवर उभी होती. मी बाही दुमडली, करंगळी बुडवून तोंडात घातली, त्यांच्यासारखं तोंड वाकडं केलं, आणि मग स्वयंपाकघरातून तांब्याभर गोडं पाणी आणून टाकीत ओतलं. रविवारी ते सुधारायला गेले नाही.